हौसेला मोल असावे

रविवारी वर्ग सुटला की पार्किंग लॉटमध्ये सध्या एक विषय हमखास निघतो. या उन्हाळ्यात मुलांना घेऊन चेसापीक बेमध्ये ट्रोलिंगला जायचे, तर सामान कोणते घ्यावे? मग कोणी तरी फोनवर सोनेरी रिळाचे चित्र दाखवतो, दुसरा त्याहून भारी काठी सुचवतो, आणि पाच मिनिटांत आकडा हजार डॉलरवर जातो. तिथे बेत थांबतो. "पुढच्या वर्षी बघू," असे म्हणून सगळे आपापल्या गाडीत बसतात. पुढच्या वर्षी मुले एका वर्षाने मोठी झालेली असतात, एवढाच फरक.

"हौसेला मोल नाही" असे आपल्याकडे म्हणतात. माझे मत उलटे आहे. हौसेला मोल असावे, ते आधी ठरवावे, आणि मुलांबरोबरच्या हौसेचे मोल तर मुद्दाम कमी ठरवावे. एका काठीचा पूर्ण संच दीडशे डॉलरमध्ये होतो. तो कसा, हे पुढे लिहिते. पण केवळ पैसे वाचतात म्हणून माझा हा आग्रह नाही. पाचशे डॉलरच्या रिळाला मूल हात लावायला आले की आपल्या तोंडून "थांब, तुला जमायचं नाही, मी करून देतो" असे निघते. चाळीस डॉलरचे जुने रीळ आपण त्याच्या हातात देऊन मोकळे होतो. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे.

शब्दाचा घोळ

गावी फोन करून "आम्ही ट्रोलिंगला जातो" असे सांगितले तर आजोबा दचकतील. कोकणच्या किनाऱ्यावर ट्रॉलिंग म्हणजे ट्रॉलर बोटीने समुद्राच्या तळावरून जाळे ओढत नेणे. पारंपरिक मच्छीमारांचे आणि ट्रॉलरवाल्यांचे भांडण जुने आहे. कोणी कुठे आणि कशाने मासेमारी करावी यासाठी महाराष्ट्राला १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा करावा लागला. आपल्या मुलांना विचारले तर त्यांच्या लेखी ट्रोलिंग म्हणजे इंटरनेटवर कोणाची तरी खोडी काढणे!

आपण बोलतो आहोत ते ट्रोलिंग तिसरे. चालत्या होडीमागे तंगूस सोडायचा, त्याच्या टोकाला गळ लावायचा आणि तो पाण्यातून ओढत न्यायचा. जाळे नाही, तळ खरवडणे नाही, आणि गळाला लागेल तो एकेक मासा. रत्नागिरीकडे गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे पकडण्याला गरवणे. तेव्हा हे झाले चालत्या होडीतून गरवणे. मुलांनो, हा शब्द वहीत लिहून ठेवा. तुमच्या क्रमिक पुस्तकात तो सापडणार नाही.

सुरमईचा चुलतभाऊ

साधारण जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या आगेमागेपासून नवरात्र जवळ येईपर्यंत, चेसापीक बेमध्ये स्पॅनिश मॅकरेल येतो. नावात स्पॅनिश असले तरी तो आपल्या नात्यातला आहे. आपली सुरमई आणि हा, दोघांची शास्त्रीय प्रजाती एकच, स्कॉम्बेरोमोरस. तीच लांबट चंदेरी अंगकाठी, तशीच दुभंगलेली शेपटी, तसेच धारदार दात. फक्त याच्या अंगावर पिवळे ठिपके असतात आणि बेमध्ये मिळणारा मासा बहुधा दोन-तीन पौंडांचा असतो. हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचे आगळ लावून रव्यात घोळवला की आजीलाही तो परका वाटणार नाही.

हा मासा वेगाने पोहतो आणि लहान माशांच्या थव्यावर झडप घालतो. काठावर गळ टाकून तासन्तास बसण्यापेक्षा त्याच्यासाठी ट्रोलिंग बरे, ते यामुळेच. होडी पाच ते सात नॉट वेगाने चालवायची आणि मागे बोटभर लांबीचा चकाकणारा धातूचा चमचा ओढायचा. त्याच चमच्याला ब्लूफिशही लागतो. वेग पाहायला वेगळे यंत्र नको, फोन पुरतो. चमचा पाण्यात सोडण्यापूर्वी होडीच्या कडेला धरून बघावा. तो डुलत असेल तर वेग बरोबर आहे, गरगर फिरत असेल तर वेग कमी करावा. ही परीक्षा नऊ वर्षांचे मूलही घेऊ शकते.

दीडशे डॉलरचा हिशोब

भाव थोडे इकडेतिकडे होतील, पण मी घातलेला हिशोब असा:

रीळ, जुने: ४० डॉलर. पेन कंपनी ऑटो हेन्झे यांनी १९३२ साली फिलाडेल्फियात सुरू केली. तिची २०९ आणि ३०९ क्रमांकाची जुनी रिळे गॅरेज सेलमध्ये अजून दिसतात. तंगूस आपोआप सारखा गुंडाळला जाईल अशी सोय त्यांत असते, त्यामुळे लहान मुलाच्या हातूनही एका बाजूला ढीग होत नाही. आणि ती साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतात.

काठी, साडेसहा फुटी, फायबरग्लासची: ४० डॉलर. ग्रॅफाइटची काठी हलकी खरी, पण दारात चेमटली किंवा होडीच्या काठावर आपटली की तडकते. फायबरग्लास निमूटपणे मार खाते.

तंगूस, साधा नायलॉनचा, ३० पौंडी: १० डॉलर. विणलेला महाग दोरा इथे नको. साधा तंगूस ताणतो, आणि मासा अचानक ओढतो तेव्हा तो ताणच मुलाची चूक पोटात घालतो.

प्लेनर, एक नंबरचा: १५ डॉलर.

चमचे, क्लार्क स्पून, लहान आकाराचे चार: २० डॉलर.

फिरक्या आणि पुढचा तंगूस: १५ डॉलर.

ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा वजनकाटा: १० डॉलर.

बेरीज बरोबर १५० होते. लाइफ जॅकेट मी यात धरलेली नाहीत, कारण ती मासेमारीच्या खर्चात मोजायची गोष्ट नाही. होडीत बसायचे तर ती आधी, मग बाकीचे.

जोडणी अशी. रिळावरच्या तंगुसाच्या टोकाला फिरकी, फिरकीला प्लेनर, प्लेनरच्या मागे दुसरी फिरकी, तिला वीस फूट पुढचा तंगूस आणि त्याच्या टोकाला चमचा. प्लेनर म्हणजे धातूची एक तिरकी पट्टी. पतंग जसा वाऱ्यामुळे वर जातो तसा हा पाण्याच्या जोरामुळे खाली जातो. उलटा पतंगच म्हणा ना. मासा चमच्याला लागला की प्लेनरची कडी सरकते, त्याचा कोन बदलतो आणि तो वर येऊ लागतो. मात्र प्लेनर काठीच्या कड्यांतून जात नाही. त्यामुळे शेवटचे वीस फूट हाताने ओढावे लागतात. एकाने रीळ फिरवायचे, दुसऱ्याने हाताने ओढायचे, तिसऱ्याने जाळीची झोळी धरायची. मला हे गैरसोयीचे वाटत नाही. होडीतल्या प्रत्येक मुलाला काम मिळते.

ब्रेकचे गणित

रिळाला एक ब्रेक असतो, त्याला ड्रॅग म्हणतात. मासा ओढू लागला की ठरावीक जोरापुढे रीळ तंगूस सोडू लागते, म्हणजे तो तुटत नाही. सर्वसाधारण नियम असा की तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढाच ब्रेक ठेवावा. ३० पौंडी तंगुसाला साडेसात ते दहा पौंड. आपला मासा लहान आहे आणि त्याचे तोंड फाटून गळ सुटू शकतो, म्हणून मी खालचा आकडा धरते. एवढ्या ब्रेकवर प्लेनरच्या ओढीने तंगूस सुटू नये, की झाले. हा ब्रेक अंदाजाने लावू नये. काठी बाबांनी धरावी, काटा मुलाने ओढावा आणि आकडा वाचावा.

सातवी-आठवीच्या मुलांना इथे एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. रिळावरचा बराचसा तंगूस निघून गेला आणि गुंडाळीचा व्यास अर्धा झाला, तर ब्रेक तितकाच राहील का? नाही, तो दुप्पट होईल. ब्रेकची पीळ देणारी ताकद तीच राहते, पण त्रिज्या अर्धी झाल्यामुळे तंगुसावरचा ओढा दुप्पट होतो. म्हणून रीळ काठोकाठ नाही तरी काठाच्या जवळपास भरलेले असावे, आणि मासा लांब पळाला तर ब्रेक घट्ट करण्याऐवजी सैल करावा. शाळेत टॉर्कचा धडा जांभया देत ऐकणाऱ्या मुलाला हे एकदा हाताला जाणवले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कुठे हात आखडू नये

स्वस्त संच म्हणजे सगळेच स्वस्त, असा अर्थ कोणी घेऊ नये. माझा नियम असा आहे की माशाच्या जितके जवळ, तितके चांगले घ्यावे. काठी माशापासून सर्वांत लांब आहे, तिच्यावर वाचवा. चमच्याचा गळ माशाच्या तोंडात आहे, तो धारदार हवा. नखावर टेकवला तर तो घसरता कामा नये. फिरकी चांगली, छर्ऱ्यांची घ्यावी, कारण चमचा फिरला तर तंगुसाला पीळ बसतो आणि मग दिवसभर गुंता सोडवणे एवढाच उद्योग उरतो. ती काळी असावी. चकाकणारी फिरकी दिसली की हा मासा चमचा सोडून तिच्यावरच तोंड मारतो आणि तंगूस कापतो.

गाठीला तर काहीच खर्च नाही. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी, नाही तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतो. मुलांनी हिवाळ्यात घरी दोरीवर शंभर गाठी माराव्यात. ऑगस्टमध्ये मासा ज्या गाठीवर टिकतो ती जानेवारीत शिकलेली असते.

यावर आक्षेप

पहिला आक्षेप असा की खाऱ्या पाण्यात स्वस्त सामान टिकत नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि नव्या, चकचकीत, हलक्या धातूच्या स्वस्त रिळांबाबत तर पूर्ण खरा आहे. म्हणूनच मी जुने आणि उघडता येणारे रीळ म्हणते. घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवायचे, पुसायचे, थेंबभर तेल द्यायचे. जोरदार फवारा मारू नये, त्याने मीठ आत ढकलले जाते. वर्षातून एकदा ते टेबलावर वर्तमानपत्र पसरून मुलानेच उघडावे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक अनुभव सगळ्यांना येतो. जी वस्तू उघडून पाहायची परवानगी असते तीच माणसाला कळते. रिळाचेही तसेच आहे.

दुसरा आक्षेप: एवढी यातायात कशाला, एक दिवस चार्टर बोट घ्यावी, कप्तान सगळे करतो. बरोबर आहे, तो सगळे करतो. गळ तो लावतो, वेग तो ठरवतो, मासा लागला की काठी मुलाच्या हातात देतो आणि मूल रीळ फिरवते. मासे नक्की जास्त मिळतात. ज्याला मासे हवेत त्याने जरूर जावे. पण आपण मुलांना तबला शिकवतो तेव्हा वादकाला पैसे देऊन मुलाचा हात फक्त तबल्यावर ठेवत नाही.

तिसरा आक्षेप होडीचा. होडी महाग असते हे मान्य, आणि ती विकत घेऊच नये असे माझे मत आहे. ओळखीत कोणाची सोळा-सतरा फुटी होडी असेल तर पेट्रोल आणि बर्फ आपण द्यावा. नाही तर दोन-तीन कुटुंबांनी मिळून दिवसाच्या भाड्याने घ्यावी. वाऱ्याचा अंदाज वाईट असेल तर पैसे गेले तरी चालतील, पण निघू नये. बेचे पाणी उथळ आहे, वारा उठला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि लहान होडीला त्याच त्रासदायक असतात.

चौथा आक्षेप सर्वांत खरा. "दुकानात गोठवलेली सुरमई मिळते, तीही साफ करून." हिशोब मांडला तर दुकानातली सुरमई दरवेळी जिंकेल. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि देण्याची गरजही वाटत नाही. मासे स्वस्तात मिळावेत म्हणून कोणी होडीत बसत नाही. चाके बसवलेल्या लोकरीच्या पिशवीसारखे झोपाळलेले तेरा वर्षांचे पोर पहाटे पाचला स्वतः उठते, हे दुकानात मिळत नाही.

आपल्या वर्गात शाकाहारी घरे आहेत, त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. गंमत म्हणून माशाला इजा करू नये हे त्यांचे म्हणणे मलाही पटते. म्हणून आमच्या घरी नियम आहे की खाणार तेवढेच ठेवायचे, आणि तेवढे मिळाले की गळ वर घ्यायचे. "पकडून सोडू" म्हणत दिवसभर मासे दमवायचे नाहीत.

कायदा आणि ताट

मेरीलँडमध्ये १६ वर्षांखालील मुलांना मासेमारीचा परवाना लागत नाही, मोठ्यांना चेसापीक बे आणि किनाऱ्याचा परवाना लागतो. जूनचे पहिले दोन शनिवार आणि ४ जुलै हे तीन दिवस परवान्याशिवाय मासेमारी करता येते. १ जुलै १९७२ नंतर जन्मलेल्यांना मोटारबोट चालवायला बोटिंग सेफ्टीचे प्रमाणपत्र लागते, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना. २१ फुटांपेक्षा लहान होडी चालत असताना १३ वर्षांखालील मुलांनी लाइफ जॅकेट घातलेलेच हवे. मी म्हणेन, मोठ्यांनीही घालावे. मूल पाहते तेच करते.

स्पॅनिश मॅकरेल १४ इंचांपेक्षा लहान असेल तर सोडून द्यायचा, आणि माणशी दिवसाला १५ ही मर्यादा आहे. चुकून रॉकफिश लागला तर त्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत. ते वारंवार बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याचे नियम पाहावेत. या कडकपणाचा कंटाळा करू नये. रॉकफिश हा मेरीलँडचा राज्यमासा, पण १९८० च्या दशकात तो इतका कमी झाला की राज्याने १९८५ ते १९९० अशी पाच वर्षे त्याची मासेमारीच बंद ठेवली. तो सावरला, आणि आता पुन्हा पिल्लांची संख्या घटल्यामुळे २०२४ साली वसंतातला मोठ्या माशांचा हंगाम रद्द करावा लागला. कोकणात जून-जुलैमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. समुद्राला सुट्टी द्यावी लागते हे आपल्या मुलांना समजावणे आपल्याला जड जाऊ नये.

एक ताटाची सूचना. किंग मॅकरेल नावाचा याचा मोठा भाऊ आहे, त्यात पारा जास्त असतो आणि गरोदर बायका व मुलांनी तो टाळावा असा सरकारी सल्ला आहे. स्पॅनिश मॅकरेल आठवड्यातून एकदा खायला हरकत नाही असे तोच सल्ला सांगतो. मासा हाती आला की लगेच बर्फात ठेवावा. या जातीचे मासे उन्हात लवकर बिघडतात आणि अंगावर पित्त उठते.

एक सूचना

आपल्या वर्गाने असे दोन संच सामायिक घ्यावेत. तीनशे डॉलर, दहा घरांत वाटले तर घरटी तीस. मालवणकडे रापण ओढायला गाव लागतो आणि ओढणाऱ्याला वाटा मिळतो, तसेच हे. एक वही ठेवावी. ज्याने नेला त्याने कुठे गेलो, वेग किती, ब्रेक किती, काय मिळाले, काय तुटले हे मराठीत लिहावे. वही मुलांनी लिहायची, पालकांनी नाही. धुऊन, तेल देऊन संच परत करायचा. त्यात काही तुटले तर तुटले. तुटण्याची भीती नसावी म्हणूनच तो स्वस्त घ्यायचा आहे.

आपली मुले आपल्याबरोबर होडीत बसायला तयार असतात असे उन्हाळे मोजून सहा-सात. त्यातला एकेक आपण रिळाच्या निवडीत घालवतो. ज्या घरांना हा बेत पसंत असेल त्यांनी पुढच्या रविवारी मधल्या सुट्टीत नाव द्यावे. गाठी शिकवायला मी दोरी घेऊन येईन.

— एक पालक (सहावीच्या वर्गातील विद्यार्थ्याची आई)